चौदा सामने पुतळाचे, सतरा रंजिताचे

माझी बायको जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सव्वासातला गेली. कावीळ म्हणून सुरू झालं होतं, अडीच महिन्यांत संपलं. बेलापूरच्या हॉस्पिटलमधून तिला करावे गावात घरी आणेपर्यंत अकरा वाजले. बातमी आमच्या आधी पोचली होती. अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि लोक फोन बघत बसले होते.

तिच्यासोबत देशाकडून खेळलेली शर्मिला घणसोलीहून आली. ती ऑफस्पिनर होती, आता एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. रडून झाल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने स्वतःचा फोन माझ्या हातात दिला.

"भाऊजी, हे वाचा."

क्रिकेटच्या कार्यालयातून निघालेला शोकसंदेश होता. 'माजी आंतरराष्ट्रीय यष्टिरक्षक-फलंदाज रंजिता तांडेल यांचे निधन. त्यांनी सतरा एकदिवसीय सामन्यांत देशाचे प्रतिनिधित्व केले.'

"बाकीचे चौदा कुठायत?" शर्मिलाने विचारलं.

"आज नको, ताई."

"आज नको तर कधी? उद्या हाच आकडा पेपरात येईल. परवा तोच खरा होऊन बसेल."

दुसऱ्या दिवशी पेपरात सतराच आले. आतल्या पानावर, चार ओळी.

मी धनेश तांडेल. न्हावा शेवा बंदरात एका कस्टम एजंटकडे सत्तावीस वर्षं कागद करतो. परदेशातून माल येतो, कागदावर माल मागवणाऱ्याचं नाव एक आणि अर्जावर दुसरं निघालं की कंटेनर अडकतो. मग आम्ही दुरुस्तीचा अर्ज करतो, जोडपत्रं लावतो, साहेबांपुढे उभे राहतो. नाव दुरुस्त होतं आणि कंटेनर सुटतो. चीनमधून आलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांसाठी हे काम मी दोन दिवसांत केलेलं आहे. माझ्या बायकोचं काम तीन महिने झाले तरी होत नाही.

ती मूळची दिवाळे गावची. पुतळा कमळाकर कोळी. वडील खाडीत होडी घेऊन जायचे. आई बयाबाई मासळी विकायची आणि जवळा खळ्यावर सुकत घालायची. त्याच खळ्याच्या एका बाजूला गावची पोरं क्रिकेट खेळायची. चेंडू जवळ्यात गेला की बयाबाई बॅट उचलून सरळ चुलीत घालायची. दोन बॅटी जळाल्यावर पोरांनी आठ वर्षांच्या पुतळाला यष्ट्यांच्या मागे उभं केलं. तिला काम एकच, मागे जवळा आहे, चेंडू जाऊ द्यायचा नाही. हातमोजे नव्हते. मग ती चेंडू जाऊ देईना. अंगावर घेई, पायाने अडवी, पण जवळ्यात जाऊ देईना. पुढे तिची आयुष्यात एकच मुलाखत झाली. त्यात विचारलं, कीपिंगमधला तुमचा आदर्श कोण? ती म्हणाली, "जवला." मुलाखत घेणारी मुलगी बंगाली होती. तिने तो कोणी जुना खेळाडू असेल असं समजून लिहून घेतलं.

एकोणिसाव्या वर्षी ती देशाकडून पहिला सामना खेळली. बायकांच्या क्रिकेटकडे तेव्हा कोणी ढुंकून बघत नव्हतं. दौऱ्यावरून परत आलं की ब्लेझर धुऊन परत द्यायचा, कारण पुढच्या खेपेला तो दुसरीला लागायचा. पुतळा आठव्या नंबरवर फलंदाजीला जायची. न्यूझीलंडमध्ये एकदा सलामीची मुलगी तापाने पडली, तर हिला पाठवलं. हिने त्र्याऐंशी धावा काढल्या. मग पॅड न सोडता पन्नास षटकं कीपिंग केलं आणि चार जणींना यष्टिचीत केलं, चारही शर्मिलाच्या गोलंदाजीवर. शर्मिला अजून सांगते, "माझा चेंडू वळतो की नाही ते मला तिच्या हातमोज्याच्या आवाजावरून कळायचं." त्यानंतर लग्नापर्यंत ती सलामीलाच खेळली. तिच्या डाव्या हाताची अनामिका दोनदा मोडली होती आणि शेवटपर्यंत वाकडीच राहिली.

ही सगळी पुतळा कोळीची कमाई. चौदा सामने.

लग्न झालं २००२ साली. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो, मग कोणीतरी ते मोठ्याने वाचतं आणि बायका टाळ्या वाजवतात. ज्यांना नको असतं ते जुनंच नाव पुन्हा लिहितात. आमच्या आळीत दोघांनी तसं केलेलं होतं, त्यामुळे माझ्यावर कोणाची जबरदस्ती नव्हती. माझी आई तर म्हणाली होती, "पोरीचं नाव पेपरात येतंय, तेच राहू दे."

मला ते नको होतं. ऑफिसातली पोरं मला चिडवायची. "पुतळा? कुठल्या चौकातला रे?" मला ते लागायचं. मी तांदळात रंजिता लिहिलं. नाव मीच शोधलं होतं, मला ते शहरी वाटायचं. तीच अंगठी तिच्या त्या वाकड्या बोटात जाईना म्हणून करंगळीत घातली.

ताट उचलायच्या आधी ती हळूच म्हणाली, "स्कोअरबुकात काय लिवतील?"

मी म्हटलं, "नाव बदललं म्हणून काय झेल सुटनार हाय का?"

ती हसली. मला वाटलं, विषय संपला.

पुढचा दौरा इंग्लंडचा होता. तिचा नवा पासपोर्ट मी स्वतः काढला. कागद करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं मला तेव्हा वाटायचं. प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात, सगळं नीट केलं. दौऱ्याची यादी पासपोर्टवरून बनायची. यादीत रंजिता तांडेल आलं, स्कोअरबुकात तेच गेलं. त्या नावाने ती सतरा सामने खेळली. २००७ साली गुडघ्याने दगा दिला आणि ती थांबली. आम्हाला मूल झालं नाही. तेही नातेवाइकांनी तिच्या क्रिकेटवर ढकललं. "वाकून वाकून असंच व्हनार," असं एक बाई माझ्यासमोर म्हणाली होती. मी गप्प बसलो होतो. त्या बाईचाही मला आज राग येतो आणि त्या गप्प बसण्याचाही.

गेल्या नोव्हेंबरात नेरूळच्या स्टेडियमवर आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला. स्टेडियम आमच्या घरापासून लांब नाही. शेवटचा झेल टीव्हीवर दिसायच्या आधी ओरडा खिडकीतून ऐकू आला. रंजिताचे डोळे तेव्हा पिवळे दिसायला लागले होते. सामना चालू असताना मध्येच तिने फोनवर काहीतरी शोधलं आणि मला दाखवलं.

"ही बघा पुतला कोली. जन्मतारीख माझीच. चौदा सामने. शेवटचा सामना २००२. फुडं काय झालं तिचं, कोनाला ठावं नाय."

मी हसलो. ती गंमत करतेय असं मला वाटलं. सत्तावीस वर्षं नावं जुळवणारा माणूस मी, तेव्हा मला एवढंच सुचलं.

फेब्रुवारीत शर्मिलाचा फोन आला. एका नव्या क्रीडासंकुलात मानाची भिंत उभी राहत होती. या पट्ट्यातल्या ज्या मुली देशाकडून पंचवीस किंवा जास्त सामने खेळल्या त्यांची नावं पितळी पाट्यांवर कोरून लावणार होते. आठ मार्चला उद्घाटन. शर्मिलाचं नाव त्यात होतं. चौदावालीचं नव्हतं आणि सतरावालीचंही नव्हतं.

"एकतीस सामने, भाऊजी," शर्मिला म्हणाली. "माझे अठ्ठावीस. माझी पाटी लागते आणि तिची नाही. मी त्या भिंतीपुढे उभी कशी राहू?"

आम्ही दोघं क्रिकेटच्या त्याच कार्यालयात जायला निघालो, नोंदीही तिथेच ठेवतात. गाडीत ती मला जुन्या गोष्टी सांगत होती, माझं मन रमावं म्हणून.

"तो इंग्लंडचा दौरा आठवतो? लग्नानंतरचा पहिला. पहिल्याच मॅचला कॅप्टनने तिला तिसऱ्या नंबरला ठेवलं. विकेट पडली. मॅनेजरबाई यादी बघून ओरडल्या, रंजिता, जा! ही पॅड बांधून, हेल्मेट घालून बसलेली. इकडं बघतेय, तिकडं बघतेय, कोण उठतंय म्हणून. मी म्हटलं, पुतळे, तूच रंजिता! तेव्हा पळाली. अंपायर घड्याळ बघत होता. अजून थोडा वेळ गेला असता तर न खेळताच आउट! आम्ही इतक्या हसलो, इतक्या हसलो."

"मला नाही सांगितलं कधी," मी म्हटलं.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणाली."

कार्यालय आलं.

तिथे कुंदन नावाचा तिशीतला माणूस होता. बोलायला गोड. पाणी दिलं, खुर्ची दिली, वाईट झालं म्हणाला. संगणकावर दोन्ही पानं उघडून दाखवली. शेजारी शेजारी. एका पानावर विशीतल्या पुतळाचा चिमणीएवढा फोटो, दुसऱ्यावर फोटोच नाही.

मी पासपोर्ट पुढे केला. त्यात आधीचं नाव लिहिलेलं आहे, जुन्या पासपोर्टचा नंबर आहे, जन्मतारीख एकच आहे. जोडपत्रं मी क्रमाने लावून नेली होती.

कुंदनने बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "काका, एवढे क्लिअर पेपर आमच्याकडे कोणी आणत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. दोन्ही एन्ट्री मर्ज करतो. एकतीस सामने होतील. भिंतीसाठी पण नाव आजच पाठवतो. इथे सही करा."

शर्मिलाने माझा दंड दाबला. "झालं, भाऊजी. करा सही."

मी पेन काढलं. अर्जावर छापून आलेलं नाव वाचलं. रंजिता धनेश तांडेल, एकतीस सामने.

"पुतळा कोळी कुठे गेली?" मी विचारलं.

"ती एन्ट्री डिलीट होणार ना, काका. सिस्टम लेटेस्ट नाव घेते."

"न्यूझीलंडमधल्या त्र्याऐंशी धावा कोणाच्या नावावर जातील?"

"रंजिता मॅडमच्या."

"त्या दिवशी रंजिता नव्हतीच. मी ठेवायच्या आधी ते नावच नव्हतं."

कुंदनने शर्मिलाकडे बघितलं. शर्मिला म्हणाली, "भाऊजी, कुठलंही नाव असू दे. एकतीस होतायत. सही करा आणि चला."

तिचं चुकत नव्हतं. पण पॅड बांधून बसलेली आणि आपलंच नाव न ओळखणारी बायको मला दिसत होती. मी म्हटलं, "सगळे एकतीस पुतळा कोळीच्या नावावर करा."

"तसं उलटं करता येत नाही. जुन्या नावावर न्यायचं तर खेळाडूचा स्वतःचा अर्ज लागतो."

"ती वारली. तुम्हीच शोकसंदेश काढलात."

"हो ना. म्हणून तर आपण लेटेस्ट नाव घेतोय, काका."

माझा आवाज चढला. "म्हणजे जिवंत असती तर तिचं नाव तिला मिळालं असतं, आणि मेली म्हणून मी ठेवलेलं नाव कायमचं?"

"नियम मी नाही बनवले."

"मग पाटीवर दोन्ही नावं कोरा. पुतळा कोळी, रंजिता तांडेल."

त्याने इंग्रजीत लिहून बोटाने अक्षरं मोजली. खरंच मोजली. "सव्वीस होतात, स्पेस धरून. पाटीवर चोवीस बसतात."

मी पासपोर्ट उचलला आणि बाहेर आलो. सही केली नाही. शर्मिला जिन्यात माझ्यावर चिडली. "पुरुषांचा हट्ट! आधी नाव बदलायचा हट्ट, आता परत करायचा हट्ट. तिला विचारलंत का कधी, तिला कुठलं हवं होतं?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"मला? मी तिला जन्मभर पुतळेच म्हटलं. पण तिने त्या सतरा मॅचपण घाम गाळूनच खेळल्यात, भाऊजी. त्याही तिच्याच आहेत."

आठ मार्चला मी भिंत बघायला गेलो. सासूबाई बयाबाईंना सोबत नेलं. त्या पंचाहत्तरीच्या आहेत, वाचता येत नाही. अकरा पाट्या होत्या, पॉलिश केलेल्या. पाहुणे बोलले, टाळ्या झाल्या. 'आमच्या लेकी' हा शब्द प्रत्येकाने वापरला. एक जण म्हणाला की इतिहास जपायला हवा. मी मागच्या रांगेत होतो. उठून विचारावंसं वाटलं की कुठला इतिहास, चौदाचा की सतराचा? पण सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला होता.

नंतर त्या भिंतीजवळ गेल्या आणि एकेका पाटीवरून बोटं फिरवत राहिल्या.

"माजी पोर यात कुटं हाय?"

"नाही यात."

"का?"

मी सांगितलं. दोन नावं, दोन खाती, चोवीस अक्षरं, सगळं सांगितलं. कार्यालयाला शिव्या दिल्या. त्यांनी ऐकून घेतलं.

"नाव तुमी बदललंत," त्या म्हणाल्या. "आनि भांडताव त्यांच्याशी."

"त्यांच्याशी भांडायलाच पाहिजे."

"भांडा ना. मी नको बोलतंय का? पन तांदलात लिवलं ते त्यांनी नाय लिवलं." मग म्हणाल्या, "मी तिला कवा रंजिता हाक मारली नाय. ती आली की माज्या तोंडात पुतलाच यायचं. तुमच्या घरात तिला कोन पुतला म्हनून हाक मारीत व्हता?"

कोणीच नाही. मी रंजिता म्हणायचो. तेवीस वर्षं.

मी पुन्हा अर्ज केला. या वेळी नियमांचं पुस्तक मागून घेतलं आणि वाचलं. सगळे सामने पुतळा कोळी या नावावर, कंसात नंतरचं नाव, असा अर्ज केला. त्यात एक रकाना आहे, 'नाव बदलण्याचे कारण'. लोक तिथे 'विवाह' लिहितात. मी लिहिलं, 'पतीने स्वतःच्या मर्जीने बदलले. खेळाडूला विचारले नाही.' खाली सही केली. दुसऱ्या आठवड्यात अर्ज परत आला. शेरा होता, पती अर्जदार होऊ शकत नाही.

मी कुंदनला फोन केला. "का होऊ शकत नाही? तिचं नाव बदलताना पती चालला. परत करताना चालत नाही?"

"काका, लेटेस्ट नावावर मर्ज करायचं तर चालतो. आत्तापण चालेल. उद्या येता का?"

"नाही."

"मग रक्ताचं नातं असलेल्याचा अर्ज द्या. चालेल की नाही ते कमिटी ठरवेल."

मी नवा अर्ज घेऊन दिवाळ्याला गेलो. सासूबाई ओट्यावर कोलंबी सोलत होत्या. हात धुऊन आल्या आणि अंगठा उठवला. शाई पुसताना म्हणाल्या, "दोनी नावं ऱ्हाऊ द्या त्यात. तुमचंबी ऱ्हाऊ द्या. पन माजं पयलं." शर्मिलाने साक्षीदार म्हणून सही केली. त्र्याऐंशी धावांच्या सामन्याचं तिच्याकडचं जुनं स्कोअरशीट तिने जोडलं. त्यावर पेन्सिलने चार वेळा लिहिलंय, यष्टिचीत पुतळा, गोलंदाज शर्मिला. माझ्यावरचा तिचा राग पूर्ण गेलेला नाही. जायलाही नको.

अर्ज पोचल्याची पावती आली आहे. कमिटीची बैठक कधी होणार ते कोणाला माहीत नाही. मी दर सोमवारी फोन करतो. माझा नंबर बघून कुंदन आता फोन उचलत नाही, म्हणून मी ऑफिसच्या फोनवरून करतो.

एक काम तर कोणाच्या परवानगीचं नाही. तेराव्याला मी तिचा फोटो मोठा करून घेतला, खाली पट्टी लावली. फोटोवाल्याने नाव विचारलं तेव्हा मी विचार न करता सांगितलं, कै. रंजिता धनेश तांडेल. ती पट्टी अजून तशीच आहे. नवी करायची म्हणून दोनदा त्याच्या दुकानापर्यंत जाऊन आलो. वर कुठलं नाव आणि खाली कुठलं, हे सासूबाईंनी सांगितलंय. बायकोने सांगितलेलं नाही, कारण मी विचारलं नव्हतं.

चौदा आणि सतरा अजून वेगळे आहेत. भिंतीवर पाटी नाही. पट्टी बदललेली नाही.